सोवळे आणि अंतःकरण : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजपर्यंत मराठी वाचकाने या ग्रंथावर अखंड प्रेम केले आहे. समीक्षकांनी त्यातील घरगुती भाषा, निर्मळ विनोद आणि मोकळेपणा यांची वाखाणणी केली. ख्रिस्ती वाचकांनी त्याकडे एका ब्राह्मण कुटुंबाच्या धर्मांतराची कहाणी म्हणून पाहिले. दोन्ही वाचने आपापल्या परीने रास्तच आहेत. तथापि या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट निसटून जाते, असे आम्हांस वाटते. अंतःकरणापासून नीतीने जगणे म्हणजे काय, हा प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा गाभा आहे. आणि त्या प्रश्नावर मराठीत जे काही लिहिले गेले, त्यात 'स्मृतिचित्रे' हे एक अत्यंत प्रामाणिक भाष्य आहे. लेखिकेने भाष्य म्हणून ते लिहिले नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे एक कारण असावे.

टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेतले. मग कॅथलिक कुटुंबांच्या त्रैमासिकात त्यांच्या ग्रंथाची चर्चा का, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश काढला आणि आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बंधूंमधील ख्रिस्ती ठेव्याचा आदर करण्यास शिकविले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर वाङ्मयीन आहे. १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने शुभवर्तमान मराठी ओवीत आणले. त्या परंपरेचा अभिमान आपण बाळगतो. परंतु शुभवर्तमान ओवीत येणे ही एक गोष्ट आणि ते चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी, नवराबायकोच्या भांडणात येणे ही दुसरी गोष्ट. हे दुसरे काम लक्ष्मीबाईंनी केले.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा व सातवा अध्याय म्हणजे डोंगरावरील प्रवचन. तेथे प्रभू नियमशास्त्र मोडीत काढत नाही. तो त्याची मुळे माणसाच्या आत नेतो. खून करू नये हे खरेच, पण राग कोठे राहतो ते पाहा. व्यभिचार करू नये हे खरेच, पण नजर काय करते ते पाहा. दान, प्रार्थना व उपवास ही तिन्ही धर्मकृत्ये करावीत, पण लोकांनी पाहावे म्हणून करू नयेत. मार्कच्या सातव्या अध्यायात हीच गोष्ट अन्न आणि हात धुणे यांच्या संदर्भात येते : बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळत नाही, आतून बाहेर येणारे विटाळते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही या शिकवणीला नवा नियम म्हटले आहे. हा नियम बाह्य आज्ञांची भर घालत नाही, तर कृत्ये जेथून उगवतात त्या अंतःकरणाचे परिवर्तन करतो, असा तेथील आशय आहे.

हे सर्व आपण रविवारी ऐकतो. अडचण अशी की, आपल्या कानांना परुशी हा पॅलेस्टाईनचा परका माणूस वाटतो. त्याच्यावर टीका झाली की आपल्याला बरे वाटते, कारण तो आपण नव्हे. 'नीतिमत्त्व' हा आपल्या बायबलमधला शब्दही पुस्तकी आहे. स्वयंपाकघरात तो कोणी उच्चारीत नाही. 'स्मृतिचित्रे'त मात्र परुशीपणाला अस्सल मराठी नाव मिळते. ते नाव 'सोवळे'.

ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे, म्हणजे जलालपूरच्या नानांचे चित्र येते. बाजारातून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय या घरात येऊ शकत नाही. घरातील बायकामुलांचे आयुष्य या धुण्यातच जाते. वाचक हसतो, लेखिकेने तशी सोयच करून ठेवली आहे. परंतु या वेडाचे मूळही तिने लपविलेले नाही. नानांच्या सासऱ्यांना १८५७ च्या उठावात फाशी झाली होती. त्या धक्क्याने नानांचे मन जे हादरले, ते कायमचे. आणि त्यानंतर सोवळ्याने त्यांचा ताबा घेतला.

समीक्षेच्या दृष्टीने हा भाग फार मोलाचा आहे. बाह्य शुद्धतेचा हव्यास हा दरवेळी गर्वातूनच येतो असे आपले प्रवचनकार गृहीत धरतात. लक्ष्मीबाई दाखवितात की, तो भीतीतून आणि दुःखातूनही येतो. ज्या माणसाच्या हातून जगाची सारी व्यवस्था निसटली, तो निदान मिठाचे खडे तरी स्वच्छ ठेवू पाहतो. नानांविषयी लेखिकेच्या मनात राग आहे, पण तुच्छता नाही. प्रभूने परुश्यांना कठोर शब्द ऐकविले आणि तरीही त्यांच्या पंक्तीला तो जेवला, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. त्या दोन गोष्टी एका ठिकाणी कशा नांदतात, ते नानांच्या या चित्रावरून समजते.

पुढे कथेत डोंगरावरील प्रवचन प्रत्यक्षच प्रवेश करते. नारायण वामन टिळक राजनांदगावकडे आगगाडीने चालले असता डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि मग ते पुस्तक त्यांना सोडवेना, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला ही वार्ता नंतर कळली.

त्यानंतरच्या ताटातुटीच्या वर्षांत लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. आम्हां सोलापूरकरांना म्हणूनच हा ग्रंथ विशेष जवळचा. आपल्याच जिल्ह्यातील या क्षेत्री, विठ्ठलाच्या सावलीत, नवरा जिवंत असून दुरावलेली ही बाई दिवस काढीत होती. या भागातील तिचे सोवळे नानांच्या सोवळ्याहून वेगळे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. नवरा गेला, घर गेले, लोकांतली प्रतिष्ठा गेली. आपले म्हणावे असे जे उरले ते जातीचे नियम. ते ती घट्ट धरून ठेवते. पुढे नवऱ्याकडे परतल्यावरही तिचा स्वयंपाक वेगळा, तिचे पाणी वेगळे. टिळकांचा या ठिकाणचा मोठेपणा असा की, त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिचे नियम तिला पाळू दिले.

आणि मग ते नियम गळून पडले. कसे? कोणा मिशनरीच्या व्याख्यानाने नव्हे, नवऱ्याच्या आज्ञेने तर नव्हेच. लक्ष्मीबाई एकट्या असताना स्वतःशी विचार करू लागतात : जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या, तर जनावरांच्या जातींत दिसतो तसा भेद माणसांच्या देहात दिसला असता. तो तर कोठेच दिसत नाही. जन्म सारखा, मरण सारखे. मग ही माणसांचीच करणी. निष्कर्ष निघाला आणि तिने तो लगेच अमलात आणला. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास तिची ना राहिली नाही. १९०० साली राहुरीस तिचा बाप्तिस्मा झाला, तो यानंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी अंतःकरण बदलले, मग आचरण, आणि त्यानंतर संस्कार. संस्काराचे मोल यामुळे कमी होत नाही. पवित्र आत्मा कोणत्या वाटेने येईल हे आपण ठरवीत नाही, आणि एका गृहिणीच्या साध्या तर्कातूनही तो येऊ शकतो, एवढेच यावरून दिसते.

या प्रसंगाची वाङ्मयीन उंची समजण्यासाठी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' शेजारी ठेवावे. १८५७ साली निघालेल्या त्या कादंबरीने हिंदू विधवांचे दुःख निर्भयपणे मांडले. त्याबद्दल मराठी समाज तिचा ऋणी आहे. पण तिच्यातील सत्पात्रे फार बोलतात. त्यांचा सद्गुण आपण ऐकतो, पाहत नाही. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात कोणी उपदेश करू लागला की पुढच्या परिच्छेदात त्याची फजिती ठरलेली. लेखिका स्वतःही या नियमाला अपवाद नाही. आपण केलेल्या चांगल्या कामांचा ती पाढा वाचीत नाही. निराधार मुले घरात येतात, वाढतात, आणि ही हकीकत ती त्या मुलांच्या खोड्यांच्या अनुषंगाने सांगते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देण्याची जी रीत प्रभूने सांगितली, ती आत्मचरित्रकाराला पाळणे सर्वांत कठीण. कारण आत्मचरित्र म्हणजेच डाव्या हाताला सांगणे. लक्ष्मीबाईंचा विनोद येथे त्यांच्या मदतीला येतो. त्यांच्या विनोदाला आम्ही नुसता शैलीचा गुण मानीत नाही. तो त्यांच्या नम्रतेचा व्यवहार आहे.

आता थोडे टिळकांविषयी. रेव्हरंड टिळकांची भक्ती, त्यांची कवित्वशक्ती, त्यांचे औदार्य यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचे स्वप्न पाहिले; ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ख्रिस्ताला भारतीय अंतःकरणात बसविण्याची त्यांची तळमळ आजही आपल्याला लाजवील अशी आहे. परंतु 'स्मृतिचित्रे'त दिसणारा हाच माणूस क्षणात संतापतो, न सांगता घराबाहेर निघून जातो, घरात पैशाची चणचण असता हाती आलेला पैसा भलत्याच कामी लावतो. लेखिका यावर निकाल देत नाही. प्रसंग सांगते आणि पुढे जाते. काही वाचक हे सारे कवीचा लहरीपणा म्हणून कौतुकाने वाचतात. आम्हांस ते कौतुक पुरेसे वाटत नाही.

मराठीत दोन वाक्प्रयोग आहेत : 'मनापासून करणे' आणि 'मनात येईल तसे करणे'. दोन्हींत मन आहे, पण दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बायबलमध्ये अंतःकरण हे केवळ भावनांचे घर नाही; माणूस जेथे निर्णय घेतो ते ते ठिकाण आहे. धर्मशिक्षणग्रंथातही अंतःकरणाचा हाच अर्थ सांगितला आहे. तेव्हा अंतःकरणापासून जगणे म्हणजे उमाळ्यावर जगणे नव्हे. उमाळ्याने केलेल्या दानाची किंमत पुष्कळदा घरातील दुसरेच कोणी मोजते. टिळकांच्या दानाची किंमत लक्ष्मीबाई मोजीत होत्या, हे ग्रंथाच्या पानापानांवर दिसते. नियमांच्या धार्मिकतेत जसा एक धोका आहे, तसा उत्कट धार्मिकतेतही आहे. पहिलीत माणूस नियमामागे लपतो, दुसरीत भावनेमागे. दोघांची परीक्षा एकाच ठिकाणी होते : जी माणसे आपल्याबरोबर रोज राहतात, त्यांना आपली धार्मिकता कशी लागते? पाण्यासारखी की निखाऱ्यासारखी? टिळकांचेही अंतःकरण पुढे निवत गेले, आणि त्या निवण्यात पत्नीच्या सहनशीलतेइतकाच तिच्या स्पष्टवक्तेपणाचाही वाटा होता. या संसाराला पुण्यकथा न बनविता जसा होता तसा सांगणे, हे लक्ष्मीबाईंचे मोठे धैर्य होय.

ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सोवळे सोडणे ही लक्ष्मीबाईंची मुक्ती होती. पण सोवळ्याच्या दुसऱ्या बाजूला जे उभे होते, त्यांचे काय? नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार-मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. लक्ष्मीबाई त्यांच्यात राहिल्या, मिसळल्या. तरीही ग्रंथातील डोळा बहुतेक वेळा एकाच बाजूचा आहे : 'मी त्यांच्या हातचे पाणी कसे घेतले' हे आपण वाचतो, 'आमच्या हातचे पाणी आजवर का घेतले नाही' हे विचारणारा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. पंढरपुरात तर हा प्रश्न दगडातच उभा आहे. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. अंतःकरणाने जो आत होता, तो देहाने बाहेर राहिला. ते मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरातच प्राणांतिक उपोषण करावे लागले. लक्ष्मीबाईंचे पंढरपुरातील दिवस वाचताना ही समाधी आम्हांस वारंवार आठवते.

हा दोष लेखिकेच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आपण जे जगलो तेच सांगण्याचा तिचा करार आहे. उणीव भरून काढण्याचे काम वाचकाचे आहे. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेले बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवितो. एका बाईने सोवळे आतून पाहिले, दुसरीने बाहेरून सोसले. दोन्ही पुस्तके वाचल्याखेरीज सोवळ्याची चर्चा पुरी होत नाही.

आमच्या वाचककुटुंबांना या सर्वांतून काय घ्यायचे? आपण ख्रिस्ती झालो म्हणून सोवळे संपले, असे समजण्याचे कारण नाही. २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाविषयी धोरण जाहीर केले. चर्चच्या आतही अस्पृश्यता आणि भेदभाव अस्तित्वात आहेत, ही गोष्ट त्यात उघडपणे मान्य करण्यात आली. वधूवरांची चौकशी सुरू झाली की घरातील वडीलधारी मंडळी हळूच काय विचारतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. सोलापूरसारख्या शहरात मराठी, कन्नड व तेलुगू एकाच गल्लीत बोलल्या जातात. तेथे मूळ गाव, भाषा आणि जुनी जात यांच्या रेघा एकाच बाकावरही ओढता येतात. एकाच वेदीवरील भाकर आपण घेतो आणि बाहेर पडल्यावर कोणाच्या घरी चहा घ्यायचा याचा हिशेब करतो. हे नानांचे मीठ धुणेच आहे. फक्त आपल्या घरी ते कोणी पाहत नाही.

दुसरे सोवळे भक्तीचे. राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातील वाचन होते. वस्त्रे नव्हे, अंतःकरणे फाडा, असा त्याचा आशय. त्याच दिवशी शुभवर्तमान म्हणून डोंगरावरील प्रवचनातील दान, प्रार्थना व उपवास यांविषयीचा भाग वाचला जातो. चर्चने उपवासकाळाच्या उंबरठ्यावर हा इशारा मुद्दाम ठेवला आहे. शुक्रवारी मांस न खाणे, नोव्हेना, क्रुसाची वाट ही सर्व व्रते चांगलीच आहेत. आमचा आक्षेप व्रतांना नाही. नियम नसलेले अंतःकरण कसे भरकटते, हे टिळकांच्या तरुणपणाने दाखविलेच आहे. पण शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या घरात भावाभावांचे बोलणे वर्षभर बंद असेल, तर ते व्रत कोणासाठी चालले आहे, हे त्या घराने विचारावे. वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून यावा, असे प्रभूने सांगितले. क्रम त्यानेच लावून दिला आहे.

आपल्या सोलापूरचे जाणते गिऱ्हाईक चादर घेताना ती उलटून पाहते. वरची नक्षी सगळेच दुकानदार दाखवितात. विणकराचे काम मागच्या बाजूने कळते. 'स्मृतिचित्रे'ने एका ख्रिस्ती संसाराची मागची बाजू लोकांपुढे ठेवली. तीत सुटलेले धागे आहेत, गाठी आहेत. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती वीण खरी असल्याची खात्री पटते. आपल्याकडे धर्मगुरूंची व धर्मभगिनींची चरित्रे, ज्युबिलीच्या स्मरणिका, श्रद्धांजलीपर लेख पुष्कळ निघतात. त्यांत केवळ वरची बाजू असते. त्यामुळे ती आदराने ठेवली जातात, वाचली मात्र जात नाहीत. कॅथलिक मराठी लेखकांनी लक्ष्मीबाईंपासून निदान हे एक शिकावे की, सत्य सांगितल्याने श्रद्धेची हानी होत नाही.

या उपवासकाळात कुटुंबाने मिळून वाचण्यासाठी एखादे पुस्तक हवे असेल, तर आम्ही 'स्मृतिचित्रे'चे नाव सुचवू. रात्रीच्या रोझरीनंतर थोडी थोडी पाने मोठ्याने वाचावीत. मुले हसतील, त्यांना हसू द्यावे. नानांच्या मिठापाशी हसून झाल्यावर आजीने किंवा आईने एवढेच विचारावे : आपल्या घरात आपण काय काय धुतो, आणि काय धुवायचे राहून जाते?